रिअल एल आणि विलायती पब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये नव्याने नोकरीला आलेली मराठी मंडळी, उन्हाळ्यात मुलांकडे राहायला येणारे आई-वडील आणि कामानिमित्त चार दिवसांसाठी येणारे जुने मित्र गेली अनेक वर्षे मला जे प्रश्न पाठवत आले आहेत, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे येथे एकत्र केले आहेत. मी बर्मिंगहॅमच्या पश्चिमेला, ब्लॅक कंट्री म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात राहतो. उदाहरणे त्या बाजूला झुकलेली दिसतील, आणि त्याबद्दल मला फारसा खेद नाही.

१. रिअल एल म्हणजे नेमके काय? नेहमीच्या बिअरपेक्षा तिच्यात वेगळे काय असते?

ज्या पिपातून बिअर ग्लासात येते, त्याच पिपात तिचे आंबणे शेवटपर्यंत चालू असेल आणि ती बाहेर काढण्यासाठी वरून वायूचा दाब दिलेला नसेल, तर ती रिअल एल. नेहमीची लागर, म्हणजे गार प्यायची फिकट बिअर, गाळलेली आणि बहुधा पाश्चरीकरण केलेली असते. तिच्यातले यीस्ट काढून टाकलेले असते आणि कार्बन डायऑक्साइडच्या जोराने ती नळातून येते. पिशवीतले ताक आणि सकाळी घरी घुसळलेले ताक यांत जो फरक असतो, साधारण तोच येथेही आहे: पहिले महिनाभर एकाच चवीचे राहते, दुसरे दुपारी वेगळे लागते आणि दुसऱ्या दिवशी आणखी वेगळे.

१९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी पिपे काढून टाकून वायूच्या दाबावरची बिअर सर्वत्र बसवायला सुरुवात केली. त्याला वैतागलेल्या चार तरुणांनी १९७१ मध्ये आयर्लंडच्या सहलीत एक संघटना काढली. तीच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ किंवा ‘कॅमरा’ म्हणून प्रसिद्ध झाली, आणि ‘रिअल एल’ हा शब्दही तिनेच रुळवला. पबमध्ये मात्र लोक बहुधा ‘कास्क’ (म्हणजे पीप) किंवा ‘बिटर’ (तिचा सर्वांत रुळलेला, किंचित कडवट प्रकार) एवढेच म्हणतात.

२. ती कोमट आणि ‘मेलेली’ का असते? आमच्याकडे अशी बिअर आली तर आम्ही परत करू.

ती कोमट नसते. ती माठातल्या पाण्यासारखी असते. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सियस राखलेले असते, कारण त्याहून गार केली की माल्टची (मोड आणून भाजलेल्या धान्याची) चव आणि हॉप्सचा (कडवटपणा आणणाऱ्या सुगंधी फुलांचा) वास दोन्ही दबून जातात. फ्रिजमधल्या बाटलीची सवय असलेल्या जिभेला पहिला पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) चुकल्यासारखा वाटतो, दुसरा बरा वाटतो, आणि आठवडाभराने अतिथंड लागरलाच काही चव नाही असे वाटू लागते. फसफस कमी असते, कारण बिअरमध्ये यीस्टने स्वतः तयार केलेला वायू तेवढाच असतो. तरीही तोंडात एक बारीक चुरचुर जाणवलीच पाहिजे. ती अजिबात नसेल किंवा बिअर खरोखरच कोमट असेल, तर तो दोष आहे. त्याविषयी प्रश्न ९ पाहावा.

३. पबमध्ये जाऊन बसलो, वीस मिनिटे झाली तरी कोणी ऑर्डर घ्यायला आले नाही. आमचे काय चुकले?

बसलात, हेच चुकले. पबमध्ये आपण स्वतः काउंटरपाशी जायचे, सांगायचे, तेथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः टेबलापर्यंत आणायचा. काउंटरवर रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आले हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असते, आणि चुकून आपल्याला आधी विचारले तर ‘हे माझ्या आधी आहेत’ असे म्हणणे हा शिष्टाचार आहे. नोट हलवणे, चुटकी वाजवणे किंवा ‘बॉस’ अशी हाक मारणे वर्ज्य. टिप देण्याची पद्धत नाही. फारच आपलेपणा झाला तर ‘तुमच्यासाठीही एक घ्या’ असे म्हणतात.

सोबत चारजण असतील तर ‘राउंड’ चालतो: एकाने सगळ्यांसाठी आणायचे, मग दुसऱ्याने. येथे आपला टीटीएमएमचा हिशेब चालत नाही. स्वतःची पाळी येण्याच्या बेताला उठून घरी जाणारा माणूस वर्षानुवर्षे लक्षात राहतो.

४. पहिल्यांदा कोणती घ्यावी? तुमच्या आवडत्या कोणत्या?

पहिल्यांदा साधी बिटर घ्यावी, ३.७ ते ४.३ टक्के मद्यार्काची. नावात कडवटपणा असला तरी ती कारल्यासारखी कडू नसते.

माझी पहिली पसंती बॅदम्स बेस्ट बिटर, ४.३ टक्के. ब्रायर्ली हिल येथे १८७७ पासून चालत आलेल्या एका कुटुंबाची ही बिअर आहे. रंग फिकट सोनेरी. पहिला घोट गोडसर लागतो आणि गिळल्यावर मागून कोरडा कडवटपणा येतो. मेथीच्या लाडवात गूळ आधी आणि मेथी नंतर लागते, तसा हा क्रम आहे. हा क्रम ज्याला आवडतो, त्याला ती दुसरी मागावीच लागते.

यॉर्कशरमधल्या कीथली गावची टिमथी टेलर लँडलॉर्ड (४.३ टक्के) ही बहुतेकांच्या यादीत असते, आणि ‘चॅम्पियन बिअर ऑफ ब्रिटन’ हा मान तिने चार वेळा मिळवलेला आहे. मात्र ती हट्टी बिअर आहे. तळघरात पुरेसा वेळ मिळाला तर तिला फुलांचा आणि मोसंबीच्या सालीचा वास येतो. घाईने लावली तर ती नुसती बोथट लागते, आणि लोक उगाच बिअरला नावे ठेवतात. दक्षिणेकडे ससेक्समधल्या लुइस गावची हार्वीज ससेक्स बेस्ट (४ टक्के) घ्यावी. ती तांबूस, किंचित मातकट आणि शेवटी स्वच्छ कोरडी असते. लंडनमध्ये फुलर्स लंडन प्राइड (४.१ टक्के) सगळीकडे मिळते. फुलर्सचा बिअर बनवण्याचा व्यवसाय २०१९ मध्ये जपानच्या असाहीकडे गेला असला, तरी ती अजून चिझिकमध्येच बनते आणि ताजी असेल तर उत्तम लागते.

काळ्या बिअरची भीती वाटत असेल तर माइल्ड घ्यावी. ती गडद पण सहसा हलकी असते, आणि पूर्वी भट्टीवरून व खाणीतून सुटलेल्या कामगारांचे पेय होती. ‘सहसा’ म्हणण्याचे कारण सेजली येथील सेरा ह्यूज डार्क रूबी माइल्ड: ती ६ टक्क्यांची आहे, मनुका आणि काकवीची आठवण करून देते, आणि खुर्चीतून उठताना आपली ताकद दाखवते. थंडीत थीकस्टन्स ओल्ड पिक्यूलिअर (५.६ टक्के) अर्धा पाइंट, शेकोटीजवळ बसून.

ठरवता येत नसेल तर चव मागावी. एक-दोन घोट फुकट देतात आणि त्यात संकोचाचे कारण नाही. पाच पंपांची (काउंटरवरच्या, ओढून बिअर काढायच्या दांड्यांची) चव घेऊन शेवटी कोक मागणे मात्र बरे दिसत नाही.

५. एखाद्या अनोळखी गावात चांगला पब ओळखायचा कसा?

लोक बिअरचे नाव विचारत हिंडतात. माझ्या मते आधी पब शोधावा आणि मग तेथे जे लावले असेल ते प्यावे. कारण कारखान्यातून निघते ती अर्धी बिअर असते, उरलेली तळघरात तयार होते.

एका मालकाने मला एकदा खाली नेऊन दाखवले. पिपे आडवी मांडलेली होती. प्रत्येकाच्या पाठीवरच्या बुचात त्याने सच्छिद्र लाकडाची बोटाएवढी खुंटी ठोकलेली होती, आणि तिच्यातून फेस बुडबुडत वर येत होता. त्याने फडक्याने तो पुसला, घड्याळाकडे न बघता थोडा वेळ पाहिले, फेस पुन्हा आला तेव्हा म्हणाला, ‘अजून बोलते आहे.’ बोलणे थांबले की मऊ खुंटी काढून टणक लाकडाची ठोकायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. मग गाळ खाली बसू द्यायचा, आणि तोटी ठोकायची. याला एक ते दोन दिवस जातात, काही बिअरना त्याहून जास्त.

तोटी लावल्यावर प्रत्येक पाइंटमागे पिपात तेवढी हवा शिरते आणि बिअर उतरू लागते. म्हणून पीप तीन दिवसांच्या आसपास संपले पाहिजे. नेहमीचे पीप, ज्याला फर्किन म्हणतात, नऊ गॅलनचे म्हणजे ७२ पाइंटांचे असते. हिशेब सोपा आहे: एका पंपावर दिवसाला २४ पाइंट खपले पाहिजेत, दहा पंप असतील तर २४०. म्हणून ओस पडलेल्या पबमध्ये दहा हँडपंप दिसले तर हुरळून न जाता मागे फिरावे, आणि दोनच पंप असलेल्या गजबजलेल्या पबमध्ये निश्चिंतपणे शिरावे.

बाकी खुणा अशा: नेहमीच्या जागी बसलेले म्हातारे काय पीत आहेत ते पाहावे. त्यांच्या रिकाम्या ग्लासांवर प्रत्येक घोटागणिक फेसाचे एक कडे राहिलेले असेल, तर ग्लास स्वच्छ आहेत आणि बिअर जिवंत आहे. पंपावरची पाटी उलटी फिरवलेली असेल तर ती बिअर संपली आहे. ‘संपली’ असे सांगण्याची हिंमत असलेला पब मला विश्वासाचा वाटतो. दाराजवळची ‘कास्क मार्क’ ही बिअर चांगली राखल्याची खूण असलेली पाटी आणि कॅमराची दरवर्षी निघणारी ‘गुड बिअर गाइड’ या दोन्ही उपयोगी आहेत. पब उघडल्या उघडल्या पहिला पाइंट शक्यतो घेऊ नये. चांगले चालक नळीत रात्रभर राहिलेली बिअर आधी ओतून टाकतात, पण सगळेच टाकतात असे नाही.

६. ब्लॅक कंट्रीत आलो तर कोणते पब पाहावेत?

ब्रायर्ली हिलच्या डेल्फ रोडवरचा ‘द व्हाइन’, ज्याला सगळे ‘बुल अँड ब्लॅडर’ म्हणतात. हा बॅदम्सच्या कारखान्याला लागूनच आहे, त्यामुळे पिपाला फारसा प्रवासच घडत नाही. लहान-लहान खोल्या आहेत, आणि दुपारी गोल पावात चीज आणि कच्च्या कांद्याचा जाड काप घालून ‘कॉब’ मिळतो. वडापावाच्या पावावर वाढलेल्या माणसाला तो आपलाच वाटतो.

सेजलीतला ‘बीकन हॉटेल’: प्रश्न ४ मधली डार्क रूबी येथेच, मागच्या जुन्या मनोऱ्यात बनते. मध्यभागी एक लहानशी खोली असून चारही बाजूंना खिडक्या आहेत. वाकून, जवळजवळ रेल्वेच्या तिकीट खिडकीत डोकावल्यासारखे करून, पाइंट मागावा लागतो. नेदरटनचा ‘ओल्ड स्वान’, म्हणजे स्थानिकांच्या भाषेत ‘मा पार्डोज’, हा कॅमरा स्थापन झाली त्या काळात स्वतःच्या आवारात बिअर बनवणाऱ्या देशातल्या उरल्यासुरल्या चार पबांपैकी एक होता. त्याच्या छतावरचा मोठा हंस वर मान करून पाहिल्याशिवाय बाहेर पडू नये.

हिमलीजवळचा कललेला ‘क्रुकेड हाउस’ अनेकजण विचारतात. तो ऑगस्ट २०२३ मध्ये आगीत सापडला आणि दोन दिवसांत पाडला गेला. आता तेथे जाऊन उपयोग नाही.

७. लंडनमध्ये एकच संध्याकाळ आहे. कुठे जावे?

लंडन ब्रिज स्टेशनवर उतरून ‘द जॉर्ज’ पाहावा. टपाल-गाड्यांच्या काळातली लाकडी सज्जे असलेली ही सराई आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधली गेली, आणि आज तिची मालकी नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. तेथे गर्दी असते. इमारत बघून अर्धा पाइंट घ्यावा आणि दहा मिनिटे चालत टॅबर्ड स्ट्रीटवरच्या ‘रॉयल ओक’मध्ये जावे. हा हार्वीजचा पब आहे आणि खरे पिणे येथे करावे. वेळ उरला तर ब्लॅकफ्रायर्सचा ‘द ब्लॅक फ्रायर’: संगमरवर, तांबे आणि गुबगुबीत भिक्षूंची शिल्पे यांनी भरलेला हा पब १९६० च्या दशकात पाडला जाणार होता, तो लोकांनी वाचवला. मिडलँड्सच्या, म्हणजे आमच्या बर्मिंगहॅमकडच्या, मानाने भाव बरेच चढे असतात, हे लक्षात ठेवावे.

८. ग्लासात वरचा बोटभर फेसच असतो. ही फसवणूक नाही का?

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. काठोकाठ मापाच्या ग्लासात फेस धरून पाइंट मोजला जातो; पबवाल्यांच्या प्रचलित संकेतानुसार निदान ९५ टक्के बिअर असावी, आणि ‘थोडी वर भरून देता का’ असे विनंतीपूर्वक म्हटले की भरून देतात. उत्तरेकडे नळाच्या टोकाला बारीक छिद्रांची टोपी बसवतात, तिला ‘स्पार्कलर’ म्हणतात. तिच्यामुळे साईसारखा दाट फेस येतो. दक्षिणेकडचे लोक म्हणतात की तिने बिअरचा जीव जातो. हा वाद मिसळ पुण्याची की कोल्हापूरची या जातीचा आहे. माझे मत: यॉर्कशरच्या बिअरला टोपी हवी, हार्वीजला नको.

९. बिअर आंबट किंवा गढूळ निघाली तर परत करता येते का? भांडण होईल का?

करता येते आणि भांडण होत नाही. अर्धा ग्लास पिऊन झाल्यावर मात्र तक्रार करू नये. दोन घोटांतच न्यावी, आवाज न चढवता ‘ही उतरलेली वाटते, जरा पाहता का’ असे म्हणावे. चांगला चालक वास घेतो, काही न बोलता ओततो आणि दुसरी देतो. शिरक्यासारखा वास, ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आणि फेसाचा पूर्ण अभाव हे दोष आहेत.

सुरुवातीच्या काळात एका स्टेशनजवळच्या पबमध्ये मला सरळसरळ शिरका मिळाला होता. काउंटरवरच्या मुलाने ‘रिअल एल अशीच असते’ असे ऐकवले आणि मी, नवखा, तो पूर्ण प्यायलो. त्यानंतर वर्षभर मी लागरच घेत राहिलो. अशी असत नाही, हे कोणीतरी तेव्हा सांगायला हवे होते.

अपवाद एकच: काही बिअर मुद्दाम न निवळता विकतात आणि पाटीवर तसे लिहिलेले असते. तेथे धूसरपणा दोष नाही. त्याचे कारण पुढच्याच उत्तरात आहे.

१०. मी शाकाहारी आहे. रिअल एल चालेल का?

हा प्रश्न विचारणारे बरोबर विचारतात. गढूळ पाणी स्वच्छ करायला आपल्याकडे निवळीचे बी किंवा तुरटी फिरवत, तसे पिपातले यीस्ट तळाशी बसवायला परंपरेने ‘आयसिंग्लास’ वापरतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनते. (घोळ माशाची हीच पिशवी आपल्या किनाऱ्यावरही मोलाने विकली जाते.) ते गाळाबरोबर खाली बसते आणि ग्लासात जवळजवळ येत नाही, पण ‘जवळजवळ’ कोणाला पुरते आणि कोणाला नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पंपाच्या पाटीवर ‘व्हीगन’ किंवा ‘अनफाइन्ड’ लिहिलेले असेल तर ती निःशंकपणे घ्यावी. मिल्क स्टाउट या काळ्या बिअरमध्ये दुधातली साखर असते. ती व्हीगन नसली तरी आयसिंग्लास न वापरलेली असल्यास शाकाहाऱ्यांना चालते.

११. इंडिया पेल एल खरोखर भारतासाठी बनवली होती का?

भारतासाठी पाठवली जात होती हे खरे. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून कोणी एका दिवशी तिचा शोध लावला, ही मात्र दंतकथा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन हा बिअरवाला ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ होता आणि जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत असे. म्हणून त्याची भरपूर हॉप्स घातलेली बिअर मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला पोहोचली. केप ऑफ गुड होपला वळसा घालून कित्येक महिने पिपात हिंदकळताना ती मुरली. काळी पोर्टरही त्याच जहाजांतून येत होती आणि तीही टिकत होती. १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी या व्यापारात शिरकाव केला. तेथील पाण्यात जिप्सम भरपूर असल्याने फिकट, कडवट बिअर तेथे जास्त चांगली जमते.

आज मात्र नावावर जाऊ नये. काही ठिकाणी ‘आयपीए’ म्हणून साडेतीन टक्क्यांची साधी बिटर मिळते. नावाला जागणारी हवी असेल तर डर्बिशरच्या थॉर्नब्रिजची ‘जयपूर’ (५.९ टक्के) घ्यावी, २००५ पासून ती बनते, आणि नाव राजस्थानचे असले तरी हॉप्स अमेरिकी आहेत.

१२. आई-बाबा आणि मुले सोबत आहेत. त्यांना पबमध्ये नेले तर चालते का?

चालते, आणि रविवारच्या दुपारी निम्मा पब अशाच कुटुंबांनी भरलेला असतो. मुलांना किती वाजेपर्यंत थांबू द्यायचे हे पब स्वतः ठरवतो, म्हणून आधी विचारावे. दारू विकत घेण्याचे वय १८ आहे, तरुण दिसणाऱ्यांकडे ओळखपत्र मागतात, आणि पासपोर्ट दाखवण्यात अपमान मानू नये. न पिणाऱ्यांनी ‘लाइम अँड सोडा’ मागावा; तो लिंबू-सरबताचा दूरचा नातेवाईक आहे आणि तो मागणाऱ्याकडे कोणी वळूनही पाहत नाही.

१३. ‘देसी पब’ हा काय प्रकार आहे?

१९५० आणि ६० च्या दशकांत स्मेथिक आणि वेस्ट ब्रॉमिचच्या ओतशाळांत काम करणाऱ्या पंजाबी कामगारांना अनेक पब दारातच अडवत, किंवा एका खोलीपुरते बसू देत. अवतार सिंग जौहल आणि इंडियन वर्कर्स असोसिएशनने मुद्दाम अशा पबांत जाऊन हा वर्णभेद उघडा पाडला. १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला येऊन गेले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरला. पुढे त्याच भागातले बंद पडू लागलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. वेस्ट ब्रॉमिचचा ‘रेड लायन’ हे त्याचे ठसठशीत उदाहरण. तेथे तव्यावर चरचरत येणाऱ्या मिक्स्ड ग्रिलसाठी जावे. स्पष्ट सांगायचे तर देसी पबमध्ये मुख्यतः लागर खपते; कास्क असली तरी प्रश्न ५ मधला हिशेब डोक्यात ठेवूनच मागावी.

१४. हँडपंपातून आली म्हणजे ती रिअल एलच, बरोबर?

बहुतेक वेळा, पण नेहमी नाही. २०२४ मध्ये केगमधली (वायूच्या दाबावर चालणाऱ्या बंद पिपातली) बिअर हँडपंपासारख्या दांड्यातून देण्याचा प्रकार सुरू झाला आणि कॅमराने त्यावर दिशाभूल केल्याचा आक्षेप घेतला. उलट बाजूने, काउंटरमागे ठेवलेल्या पिपाच्या तोटीतून सरळ ग्लासात धरलेली बिअर पंपाशिवायही पूर्ण रिअल एल असते. काही केगांत बिअर आतल्या पिशवीत असते आणि वायू फक्त पिशवी बाहेरून दाबतो. आत जिवंत यीस्ट असेल तर कॅमरा तिलाही रिअल एल मानते. संथ खपाच्या पबमध्ये पिपात हवेऐवजी वायूची हलकी झुळूक सोडण्याच्या युक्तीला कॅमराचा विरोध होता, तो २०१८ मध्ये मावळला. मला स्वतःला ही युक्ती शिरक्यापेक्षा बरी वाटते.

१५. रिअल एल घरी किंवा भारतात नेता येते का? पुण्यात मिळते का?

घरी नेता येते: पब पिपातून डब्यात भरून देतात, ती दोन दिवसांत संपवावी. भारतात न्यायची असेल तर बाटलीतच आंबणारी, तळाशी यीस्टचा थर असलेली बिअर न्यावी. बाटली दोन दिवस उभी ठेवून, न हलवता ओतावी आणि तळाचा बोटभर भाग सोडावा. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ने जागेवर बिअर बनवायला सुरुवात केल्यापासून चांगली ताजी बिअर तेथे मिळू लागली आहे, पण ती थंड टाकीतली, वेगळ्या कुळातली. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे, हे येथून जाणाऱ्या मुलांना आधीच सांगावे.

१६. एकच पाइंट घेतला तर गाडी चालवता येईल ना?

इंग्लंड आणि वेल्समध्ये मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. पण एका पाइंटने कोणाच्या रक्तात किती चढेल याचा तक्ता नसतो, आणि ४ टक्क्यांचा पाइंट व प्रश्न ४ मधली डार्क रूबी यांत दीडपटीचा फरक आहे. या पानावरच्या बऱ्याच पबांकडे बस जाते. बुल अँड ब्लॅडरहून परतताना शेवटची बस किती वाजता आहे ते जाण्यापूर्वीच पाहून ठेवावे. मी एकदा पाहिले नव्हते, आणि ब्रायर्ली हिलहून घरापर्यंत पावसात चालत आलो होतो.